दुसरी चौकट

बोटीची सफर करून परतलेल्या प्रवाशांच्या पासपोर्टांवर शिक्के मारून माझा हात भरून आला होता. एका केबिनच्या माणसांना आम्ही खिडकीपाशी एकत्रच बोलावतो. या आजी एकट्याच आल्या, पण अर्धी जागा सोडून उभ्या राहिल्या.

"आजी, मधे या. फोटो काढायचाय."

त्या जागच्या हलल्या नाहीत. कॅमेऱ्यानं नेहमीप्रमाणे त्यांच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आखली. मग शेजारच्या मोकळ्या जागेत, वीतभर उंचावर, आणखी एक. ती सारखी हलत होती.

मी कॅमेऱ्याची काच पुसली. चौकट तिथंच.

"केबिनमध्ये सोबत कोण होतं?"

"यादीत मी एकटीच आहे," त्या हसल्या. "हे गेले, तेव्हा आमची ही सफर राहूनच गेली होती."

मग हात उंचावून त्यांनी हवेतच कुणाची तरी कॉलर नीट केली. "अहो, फोटोपुरतं तरी नीट उभे राहा."

चौकट थांबली.

पडद्यावर सूचना आली: दुसऱ्या प्रवाशानं अंगठा ठेवावा.

मी ठशांच्या यंत्राची काच कोरडी पुसली आणि यंत्र पुढं सरकवलं. का, ते विचारू नका. आजींनी दोन्ही हात छातीशी धरले होते.

काचेवर हळूहळू अंगठ्याएवढी वाफ धरू लागली.