अलीकडचं एक मत

प्रभाकर एका मतानं पडला. शाळेच्या व्हरांड्यात निकाल वाचला गेला तेव्हा त्याचा चहा अजून बशीतच होता.

जागा ग्रामपंचायतीची, पण वॉर्ड नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेला. अलीकडे धामणवाडी, सगळा खडकाळ माळ. तिथली माणसं नदीपलीकडं पिंपरीच्या कंपन्यांत शिफ्टला जायची आणि त्यांना पूल हवा होता. पलीकडे काळी माती आणि पेरूच्या बागा. पुलाचा रस्ता या बागांतूनच जाणार, म्हणून त्यांना पूल नको होता. अलीकडचा उमेदवार प्रभाकर, पलीकडचा भैरू. त्या काळी या दोन काठांचं इतकं फाटलेलं होतं की अलीकडचा कावळा पलीकडच्या झाडावर बसत नसे. बसलाच, तर तोंड वाडीकडं करून बसायचा. हे पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. निदान तसं सांगतात तरी.

वाडीत पक्की इमारत नव्हती, म्हणून मतदान दोन्ही काठांचं पलीकडच्या शाळेत. पेट्या मात्र दोन. पलीकडची पेटी उघडली. एकशे एकाहत्तर मतं, सगळी भैरूला. मग वाडीची उघडली. एकशे एकाहत्तर प्रभाकरला आणि एक भैरूला.

वाडीच्या यादीत नावं एकशे त्र्याहत्तर होती, मतं पडली एकशे बाहत्तर. यादीत एखादं मेलेलं नाव असतंच, म्हणून त्याबद्दल कुणी विचारलं नाही. सगळे विचारत होते ते त्या एका मताचं. आणि उत्तर तर समोर काठावर नाव बांधून उभं होतं.

नूरमोहम्मद नावाडी. पूल झाला तर त्याची नाव चुलीत जाणार, हे पोरासोरांना कळत होतं. त्या दिवशी सकाळपासून त्यानंच खेपा करून सगळी वाडी पलीकडं नेली होती. चालता न येणाऱ्या सोजराबाईला तर माळावरून पाठुंगळी घेऊन आला होता. आता त्याचाच दाखला देऊन लोक म्हणाले, बघा, सेवा करत होता आणि आतून सुरी फिरवत होता. किसन तर त्याच्या तोंडावर म्हणाला, "बायको या पाण्यापायी गेली, तरी राव तुला पोटच दिसलं."

खातूनबीची गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. ऐन पुरात तिला कळा सुरू झाल्या. दवाखाना पलीकडं, पिंपरीला. भर दुपारी नूरमोहम्मदनं तीनदा नाव पाण्यात घातली आणि तिन्ही वेळा पाण्यानं ती परत काठावर आणून टाकली. चौथ्यांदा घालायची गरज राहिली नाही.



निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून वाडीनं त्याची नाव सोडली. माणसं चऱ्होलीच्या बाजूनं, उथळ पाण्यातून, पाच मैलांचा वळसा घालून कामावर जाऊ लागली. पहिल्या शिफ्टवाल्यांना तर म्हणे झोपेतच निघावं लागे, चालता चालता जाग यायची ती कंपनीच्या फाटकात. पण नावेत पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही. सुगी तेव्हाच चालू होती, आणि सुगीला नावाड्याला घरटी पायली धान्य द्यायची रीत होती. त्या साली नूरमोहम्मदचं पोतं रिकामंच परत गेलं. पूल तर झालाच नाही, आणि नावही बसली.

पंधरा दिवसांनी त्यानं नाव वर ओढून उपडी घातली. थेरगावला त्याचा मेव्हणा शफी गाड्या दुरुस्त करायचा, त्याच्याकडं निघाला होता. वळकटी बांधत असताना सोजराबाई काठी टेकत, बसत-उठत काठापर्यंत आली. एवढ्या अंतराला तिला सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत वेळ लागला होता.

उपड्या नावेवर ती टेकली. 

"नूरा, त्ये मत माझं व्हतं," ती म्हणाली. "पूल झाला तर तू खाशील काय, म्हनून मारला शिक्का."

नूरमोहम्मद वळकटीची गाठ आवळत होता. ती आवळून झाली.

"ठावं हाय मला, आक्का. मत देऊन आलात आन् माझ्या डोक्यावर हात फिरवलात. तवाच समजलं."

"मंग सांगितलं का न्हाईस लोकांस्नी?"

"तुमी ह्या वयात वाडी सोडून कुठं जानार?"

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. उद्या चावडीत जाऊन सगळ्यांसमोर सांगते म्हणाली. त्यानं नको म्हटलं. मग तिला राहवेना. एकच सांग, म्हणाली, तू तुझं मत कुणाला दिलंस? पोटाला की पुलाला?

त्यानं डावा हात तिच्यापुढं धरला. वाडीतल्या झाडून सगळ्यांच्या पहिल्या बोटावर शाईची काळी रेघ अजून होती, तिच्याही होती. त्याचं नख कोरं होतं.

"खेपा संपल्या की शेवटी द्यायचं ठरवलं व्हतं. समद्यांस्नी पोचवलं, तर कुनीतरी म्हनलं सोजराआक्का राहिली," तो म्हणाला. "पुलाला एक मत कमी पडाया नको, म्हनून तुमाला आनाया माळावर गेलो. तुमाला शाळंत सोडलं, नाव बांधून वर आलो, तवर दार लागलं व्हतं."