मुंगीचं राज्य

“मुंगी आऊट,” दादा म्हणाला, आणि इमारतीखाली लपलेली सगळी पोरं आपापल्या जागेवरून डोकी काढून बघायला लागली.

मुंगी कधी आऊट होत नसे. ती लिंबूटिंबू होती. सहा वर्षांची, पण अंगापिंडाने चारची. म्हणून नाव मुंगी. तिच्या हृदयाची झडप जन्मापासून नीट मिटत नव्हती. एक जिना चढली की ओठ निळे पडत. लपंडावात तिला घेताना आईने सगळ्या पोरांना तंबी देऊन ठेवली होती. हिला शोधायचं नाही, पळवायचं नाही, हिच्यावर राज्य द्यायचं नाही. पोरं गुणी. मुंगी समोर दिसेल अशी गाडीमागे लपायची आणि पोरं शेजारून जाताना “कुठे गेली बाई ही” म्हणायची. कधी ती मागून येऊन राज्य असलेल्याच्या पाठीत धप्पा घालायची. तो हसायचा आणि पुढे जायचा. तिचा धप्पा कुणी धरतच नसे.

मुंगीला ते कळत होतं. लहान असली तरी खुळी नव्हती. त्याच दुपारी ती दादाला म्हणाली होती, “मला एकदा तरी खरं खरं आऊट कर ना.”

बाबा शाळेत खेळाचे शिक्षक. त्यांच्या घरात जेवताना ताटात भाजीआधी नियम पडायचे. नियम सगळ्यांना सारखा. ज्याच्यावर राज्य आलं त्यानेच ते घ्यायचं, रडून टाळायचं नाही. दादा यावरच वाढला होता. त्याने बहिणीला आऊट केलं.

आई गॅलरीतून बघत होती. ओले हात तसेच घेऊन ती खाली आली.

“अक्कल गहाण टाकलीस का रे? उद्या तिला ॲडमिट करायचंय.”

“आई, मी सापडले,” मुंगी म्हणाली. तिला धाप लागली होती, पण चेहरा नुसता फुलला होता. “सगळ्यांत आधी सापडले. आता माझ्यावर राज्य.”

“राज्य नाही नि बिज्य नाही. अंधार पडलाय. वर चल.”

“मग माझं राज्य बाकी.” आईच्या कडेवरून मुंगीने पोरांना बजावलं. “मी आल्यावर घेणार. दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही.”

पोरांनी माना डोलावल्या. आईही हो म्हणाली. ऑपरेशनला निघालेल्या लेकराला नाही कोण म्हणणार?

मुंगी हॉस्पिटलमधून परत आली नाही.

बरेच दिवस पोरं खाली फिरकलीच नाहीत. मग एकेक करून यायला लागली. नेहमीच्या खांबापाशी जमली आणि तिथेच अडली. तळमजल्यावर नव्याने राहायला आलेली एक मुलगी म्हणाली, “मी घेते राज्य.”

“नाही,” दादा म्हणाला. “मुंगीचं बाकी आहे.”

कुणी वाद घातला नाही. पोरं थोडा वेळ चपला घासत उभी राहिली आणि आपापल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी तेच. एकदा बाबा खाली आले. “अरे, खेळा रे,” म्हणाले. पण बाकी राहिलेलं राज्य सोडून द्या, हे काही त्यांच्या तोंडून निघेना. ते तसेच वर आले आणि बूट न काढता खुर्चीत बसून राहिले.

आई रोज हे गॅलरीतून बघायची. तिला आधी पोरांचा राग यायचा, मग दादाचा, मग स्वतःचा. त्या संध्याकाळी उजेड होता. एक डाव सहज झाला असता. अंधार पडलाय, असं तीच म्हणाली होती.

एक दिवस ती खाली उतरली. पोरं बाजूला झाली.

“तिचं राज्य मी घेते,” ती दादाला म्हणाली.

ज्याचं राज्य त्यानेच घ्यायचं, हे त्याच्या ओठांवर आलं असणार. त्याने ते गिळलं.

“शंभरापर्यंत मोज, आई,” तो म्हणाला. “मधे बघायचं नाही.”

आईने खांबावर कपाळ टेकलं, डोळे मिटले आणि मोठ्याने मोजायला लागली. मागे पावलं पांगली, कुणीतरी कुणाला तरी दटावलं, मग सगळं शांत झालं. शंभर झाले. आता वळून शोधायचं होतं. ती वळली नाही. पाठ तशीच मोकळी ठेवून उभी राहिली. मागून इवल्याशा हाताचा धप्पा बसला असता, तर आज तिने तो धरला असता.