दर रविवारी भांडण

“आजोबा, खरं सांगा, तुम्ही आजीला पटवलंत कसं?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, ‘तुझी हिंमतच होणार नाही!’ नातीनं विचारून टाकलं एकदाचं, आणि तिचे स्वतःचेच कान लाल झाले.

आजोबा बोगनवेलीला झारीनं पाणी घालत होते. झुडूप हिरवंगार होतं, पण आजी गेल्यापासून, म्हणजे अकरा महिन्यांत, त्यावर एकही फूल आलं नव्हतं.

खोलीत आई-बाबा आजोबांच्या कपड्यांची बॅग भरत होते. बाबांचा आवाज खिडकीतून येत होता. “चाळीस वर्षं नर्सरीत काढली, आणि बोगनवेलीला रोज पाणी! तिला तहानलेली ठेवली तरच ती फुलते, हेसुद्धा विसरले. उद्या गॅस चालू ठेवतील. आता एकटं ठेवायचं नाही, आपल्याकडेच न्यायचं.”

“मी जाणार नाही म्हटलं की संपलं,” आजोबा पुटपुटले. पण हात थरथरत होता.

“विषय बदलू नका हं!”

“टकळे, तू म्हणजे ना! अगं, मी नर्सरीत नवा होतो. हिनं बोगनवेल नेली आणि पुढच्या रविवारी तणतणत हजर. म्हणे, फसवलंत, नुसती पानंच येतात!”

“मग?”

“म्हटलं, रोज पाणी घाला.”

“अहो आजोबा! रोज पाण्यानं ती फुलेल कशी?”

“ते मला ठाऊक नव्हतं होय?”

तिनं तोंडावर हात ठेवला. “लबाड!”

“दर रविवारी यायची भांडायला. सव्वा वर्ष! काय ते डोळे वटारणं, काय तो तोरा! आमचं लग्न ठरलं तेव्हा म्हटलं, आता पाणी थांबव. महिन्याभरात अशी फुलली, की पान दिसेना. मग काय, नर्सरीत येणंच बंद.”

ते खूप वेळ हसले. मग नळाखाली झारी पुन्हा काठोकाठ भरली.

“पुरे ना, आजोबा. आत्ताच तर घातलंत.”

“आज रविवार आहे,” ते म्हणाले, आणि फाटकाकडे बघत राहिले.

ती फाटकाकडे बघून वळली. आत गेली आणि बॅगेतले कपडे एकेक करून कपाटात परत ठेवू लागली.

“हे काय चाललंय?” आई म्हणाली.

“आजोबा काहीही विसरलेले नाहीत. दहावी मी इथं राहूनच करणार. आणि त्यांचा हात थरथरतो, म्हणून उद्यापासून बोगनवेलीला रोज पाणी मी घालणार.”