बुडालेल्या देवळावरचे इंजिन

तलावात बुडालेल्या खंडोबाच्या देवळावर आमची मोटारबोट आली, तेव्हा नावाडी गोरोबाने भंडाऱ्याची पिशवी पुढे केली. "मेस्त्री, इथं उधळल्याबिगर कुणी पुढं जात न्हाय."

"इंजिनास पाणी लागते, हळद नव्हे!" मी तुच्छतेने उत्तरलो. असल्या अडाण्यांमुळेच देश मागासलेला राहिला आहे.

तोच इंजिन भयंकर तापले. मी ते तत्काळ बंद केले. ते जळाले असते तर माझी नोकरी गेली असती.

"मग पाजा की पाणी," गोरोबा म्हणाला.

थंड पाणी ओढणारी नळी तुंबली असावी, म्हणून बोटीच्या कडेवरून पाण्यात हात घालून मी तिचे तोंड चाचपले. ते स्वच्छ होते.

तेवढ्यात पाण्याखाली कोणीतरी माझ्या तळहातावर कोरडा भंडारा ठेवला आणि हलकेच माझी मूठ मिटवली.