पहिला तुकडा सुनेला

केकमध्ये खुपसलेली विणकामाची सुई कोरडी बाहेर आली, तरी घड्याळवाल्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. रंग चांगला गडद आला होता. केक फुगलाही होता. पण चवीचं काय? चव त्याला कळत नव्हती.

बायको गेली त्या हिवाळ्यात त्याला मोठा ताप आला. ताप उतरला, तो तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आली नाही. डॉक्टर सोडले तर हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

सांगणार कसं? रविवारची ही बैठक बायकोने सुरू केलेली. मैत्रीतली माणसं घरी भाजलेलं काहीतरी घेऊन यायची, कृती सांगायची, एकमेकांच्या खाण्याला नावं ठेवायची. नियमही तिचाच: तोंडदेखलं बोलायचं नाही. मास्तरांनी एकदा नर्सबाईंच्या बिस्किटांना "दाराला पाचर म्हणून बरी आहेत" म्हटलं होतं. त्यावर नर्सबाई म्हणाल्या होत्या, "तुमचा पाव कापायला मी ऑपरेशनची सुरी आणते."

बायको गेल्यावर मंडळी एकेक करून गळाली. हे दोघं तेवढे टिकले. तेही केकसाठी येतात, अशी त्याची खात्री होती. ज्याला चवच कळत नाही त्याच्या हातचं खायला कोण येईल? कीव करतील, दारातूनच डबा देतील आणि जिना उतरतील. तसे डबे त्याने बायको गेल्यावर पुष्कळ पाहिले होते. डबा देणारा माणूस आत येऊन बसत नाही.

म्हणून तो बायकोच्या कृतीला घट्ट धरून होता. मास्तरांना बेदाणे आवडत नाहीत, ते काढले. नर्सबाईंना दालचिनी नको, ती काढली. एवढाच काय तो बदल. सोड्याच्या डब्यातला चिमुकला चमचा कुठे गडप झाला, तेव्हापासून जेवायचाच एक चमचा तिथे टाकून ठेवला होता आणि कृतीतलं चमच्याचं माप तो त्यानेच घेत होता. आणि दुसऱ्यांनी आणलेलं खाताना तो आधी त्यांची तोंडं बघायचा, मग आपलं मत द्यायचा.

एकदाच घसरला होता. मास्तरांच्या केकमध्ये साखरच पडायची राहिली होती आणि याने पहिल्या घासाला "वा!" म्हटलं. मास्तर बघतच राहिले. मग हसले आणि म्हणाले, "लेका, टोमणे मारायला तू बायकोकडून शिकलास." तेव्हा निभावलं होतं.

आज निभावेल असं वाटत नव्हतं. नर्सबाई नव्या सुनेला घेऊन येणार होत्या आणि सून बेकरीत कामाला होती. येता-जाता चाखत राहणं हेच तिचं काम.

बेल वाजली.

"भावजी, ही आमची सून," नर्सबाई आत येत म्हणाल्या. "हिच्यासमोर जपून हं. हिने आल्या आल्या माझ्या बिस्किटांना नावं ठेवली."

"म्हणजे मुलगी गुणाची आहे," मागून मास्तर म्हणाले.

"तुम्ही आधी पायमोजे धुवा, मग दुसऱ्याचे गुण तपासा."

सून हसली. घड्याळवाल्याला हसू येईना. केसासारखे काटे बसवण्यात ज्या हाताचा जन्म गेला, त्या हाताने त्याने केकचे वेडेवाकडे तुकडे कापले.

"पहिला तुकडा सुनेला," मास्तर म्हणाले. "नियम माहीत आहे ना गं? इथे खोटं बोललेलं चालत नाही."

"आईंनी सगळं सांगितलंय," सून म्हणाली.

तिने घास घेतला. चावता चावता थांबली. घड्याळवाला तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती पुन्हा चावू लागली, घास गिळला आणि चहाचा कप तोंडाला लावला.

"काही कमी-जास्त?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"नाही काका. असा केक मी आजवर खाल्ला नव्हता."

मास्तर हसायला गेले आणि त्यांना ठसका लागला.

"हळू! मटकावताय कसले?" नर्सबाई त्यांच्या पाठीत थोपटत म्हणाल्या. "भावजी, मला आणखी चहा. आणि हिला रंगाचं सांगा. बेकरीत असा येत नाही म्हणते."

त्याने सगळी कृती सांगितली. लोणी किती, मैदा किती, आच किती ठेवायची. सून मान डोलावत ऐकत होती. मध्येच "सोडा?" म्हणाली. त्याने डब्यातला चमचा काढून दाखवला. तिने तो क्षणभर हातात धरला आणि जपून परत ठेवला.

"कळलं," ती म्हणाली.

मग गप्पा रंगल्या. मास्तरांना भोपळा का आवडत नाही यावर भांडण झालं. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा मंडळी उठली. मास्तरांनी नेहमीसारखा उरलेला तुकडा घरी न्यायला कागदात गुंडाळून घेतला.

दार लावून घड्याळवाला त्याला पाठ टेकून उभा राहिला. सुटलो. बेकरीतल्या माणसालाही कळलं नाही! आता कुणाला कळणार? त्याला एकदम हलकं वाटलं. पुढच्या रविवारीही सुनेला आणा, एवढं सांगायला हवं होतं. त्याने दार उघडलं. ते जिन्याच्या खालच्या वळणावरच होते. तो हाक मारणार, तेवढ्यात आवाज वर आला.

"आई, आधी पाण्याची बाटली द्या," सून म्हणत होती. "तोंड नुसतं कडू झालंय. तुम्ही दर रविवारी हे खाता?"

"हळू बोल," नर्सबाई म्हणाल्या. "त्यांना चव कळत नाही हे आम्हाला केव्हाचं ठाऊक आहे. पण आम्हाला ठाऊक आहे असं त्यांना कळलं ना, तर पुढच्या रविवारी ते दार उघडायचे नाहीत."