एक रोट कमी

रुक्मिणीने टोपलीतले प्रसादाचे रोट पुन्हा मोजले. आठच. काल कानबाईला तापीत बोळवून आल्यावर तिने स्वतःच्या हाताने नऊ झाकून ठेवले होते. मांजराने नेला म्हणावं, तर मांजर काही फळीवरचा पितळी डबा बरोबर घेऊन जात नाही. आणि तो डबाही गायब होता. नवराही. "लूमच्या खात्यात सुट्टी आहे, दत्तूकडे बसून येतो," म्हणून निंबा आत्ताच नवागामच्या गल्लीतून बाहेर पडला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुठंतरी पाणी मुरतंय, हे तिला महिनाभर कळत होतंच. सदऱ्याच्या खिशात टिकल्यांचं पाकीट निघालं, तेव्हा "लूमवरच्या कुणाचं तरी असेल," म्हणाला. शेजारच्या छायाने तर त्याला पर्वत पाटियाच्या बाजारात हिरव्या साडीतल्या उंच बाईबरोबर पाहिलं होतं, आणि ते सांगताना बयेला कोण आनंद झाला होता! रुक्मिणीने तेही गिळलं. कित्येक वर्षांपूर्वी शहरात प्लेग आला, त्या पळापळीत एकुलता एक मुलगा दीपक नाहीसा झाला. तेव्हापासून तिला हा एकच माणूस उरला होता. पण कानबाईचा रोट? भावकीबाहेर त्याचा कणही जाऊ द्यायचा नाही, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिला दरडावून सांगणारा हाच! बाईपायी यानं देवीसुद्धा सोडली, तर मग आपल्याला काय धरून ठेवणार?

तिने पदर खोचला, दाराला कडी घातली आणि निघाली. निंबा कोपऱ्यावरून शटल रिक्षात चढला, ती मागच्या रिक्षात. पर्वत पाटियाला तो उतरला. कापडाच्या गाठी वाहणाऱ्या हातगाड्यांच्या आडोशाने ती त्याच्या मागे मागे गेली. मधेच तो थांबला, डबा काखेतून काढून दोन्ही हातांत धरला. प्रसाद नेतोय मेला, अगदी जपून! एका चाळीच्या टोकाच्या खोलीपाशी त्याने चपला काढल्या.

ती दारात पोचली तेव्हा हिरव्या साडीतली बाई पाठमोरी बसली होती. पुढ्यात ताटली, ताटलीत रोट. निंबा समोर मांडी घालून.

"हिला रोट चारताना हात झडले नाहीत तुमचे?"

निंबा दचकला, पण उठला नाही. खाली बघत म्हणाला, "रोट भावकीबाहेर गेला नाही, रुकमा."

"कुठली भावकी? कुणाची कोण ही?"

बाई वळली. ठसठशीत कुंकू, काजळ, कानात डूल. आणि या सगळ्याच्या मधोमध रुक्मिणीच्या बापाचं बसकं नाक.

"माय," ती म्हणाली.

रुक्मिणी उंबऱ्यातच बसली. "दीपक?"

"आता मयुरी."

जिवंत आहे! रुक्मिणीला भडभडून आलं, आणि त्याच दमात दोन कानफटात ठेवून द्याव्यात असंही वाटलं. कुणाच्या, ते तिला ठरवता येईना. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "कधीपासून ठाऊक होतं?"

"आखाडात दिसली, इथंच बाजारात. तू घरात घेशील, का दार लावशील, मला भरवसा नव्हता."

"म्हणून महिनाभर मला रात्रंदिवस जाळलंत?"

मयुरीने हळूच घास उचलला.

"ठेव तो खाली!"

घास ताटलीत पडला. निंबाने मयुरीच्या पुढे हात आडवा धरला, जणू आता मार पडणार. रुक्मिणी उठून आत आली. मयुरीचा गळा पाहिला, मग वाकून पायांची बोटंही पाहिली. तिथं काही नव्हतं, तरी तिची खात्री पटेना.

"खरं सांग. लगीनबिगीन केलंस का कुठं? सासरी गेलेल्या लेकीला आपला रोट चालत नाही."

मयुरीने बापाकडे पाहिलं, मग आईकडे.

"नाही, माय."

"मग खा."