लहान व्हायला निघालेला पंढरी

पंढरी तीन वर्षांनी लहान व्हायला निघाला होता.

शाळेच्या दाखल्यावर सेहेचाळीस. पण मावसबहीण भिमी त्याच्याच महिन्यातली, आणि ती त्रेचाळीस. शहापूरची कंपनी बंद पडली तसा तो कल्याणच्या एजंटाकडं गेला. एजंटाने बोटांवर देश मोजले. कॅनडात वयाचे मार्क कापतात. आखातात एकट्याने राहायचं, बायकापोरं इकडंच. ऑस्ट्रेलियात तुझ्यासारख्या वेल्डरला चान्स हाय, बिऱ्हाडासकट, कायमचा. पण वय पंचेचाळीसच्या आत पायजे.

"न् आये?" पंढरीने विचारलं.

"आईचं नंतर बघू."

वयाच्या त्या अटीपायी आज तो आयेला घेऊन वैशाखऱ्याच्या ग्रामपंचायतीत आला होता.

"भाऊसाहेब, माझं वय कमी करा. बायकोचं, मीनाचंपन करा थोडं, घरात शांती होईल."

ग्रामसेवक हसत हसत जुनं रजिस्टर चाळायला लागला. मग थांबला. "आई सुंदरा. मुलगा पंढरी. दाखल्यावरचीच तारीख हाय रे. पन ह्यो बघ, तीन वर्षांनी आनखी एक मुलगा. नावाची जागा कोरी."

"आयला! माझा डुप्लिकेट?" पंढरी खो खो हसला. "आये, कुठं लपवलायस त्याला?"

सुंदरा हसली नाय.

"कोरा तो तू. पयला तुझा भाऊस. दोन वर्षांचा झालता, तापानं गेला. तू झालास, तवा त्याचंच नाव तुला ठेवलं. शाळेत घालाय नेला, तवा कागदपन त्याचाच दिला."

"का गो?"

"त्यालापन शाळेत घालायचा होता ना रे."

पंढरीने रजिस्टरातल्या त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

ग्रामसेवकाने चष्मा काढून पुसला. "थोरल्याच्या मृत्यूची नोंदच नाय, आजी. आधी ती करायला लागंल. मंगच हा कोरा जन्म पंढरीच्या नावावर चढंल. अर्जावर तुमचा अंगठा लागंल."

"राहू दे गो आये," पंढरी म्हणाला. "चल घरी. नाय जायाचं मला कुठं."

"गप. पोरं शिकतील तुझी तिकडं."

तिने शाईचा पॅड स्वतःच ओढला. अंगठा दाबला. बराच वेळ दाबूनच ठेवला. मग पदराला पुसत तिने विचारलं,

"भाऊसाहेब, आता माझी किती पोरं राहिली?"